चौथी लिपी: लहान मुलांना जोडून इंग्रजी ओळखायला आणि लिहायला कसं शिकवावं

दर वर्षी शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की माझ्या घरी आया यायला लागतात. अठरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर आता मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत संध्याकाळी अक्षराचा वर्ग घेते. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात पोराची चाररेघी वही असते आणि वहीत पानभर एकच अक्षर. वरची ओळ शाळेतल्या बाईंची, खालच्या सगळ्या मुलाच्या. पहिल्या ओळीतलं अक्षर बरं असतं, शेवटच्या ओळीपर्यंत ते पार वाकडं झालेलं असतं. आई म्हणते, "लक्षच देत नाही ओ बाई हा." मी वही बाजूला ठेवते आणि मुलाला म्हणते, तुझं नाव लिही बघू इंग्रजीत. तो लिहीत असताना माझी नजर पेन्सिलीच्या टोकावर असते. टोक कागदावरून किती वेळा उचललं जातंय, तेवढंच मला बघायचं असतं.

जोडून लिहायच्या अक्षरात, म्हणजे कर्सिव्हमध्ये, हाताची चाल शिकायची असते. चाल बसली की आकार मागोमाग येतो. आकारापासून सुरुवात केली तर चाल कधी कधी येतच नाही. हे मला माझ्या मुलामुळं कळलं. तो पहिलीत असताना मी त्याला ए ते झेड अशी ओळीनं अक्षरं दिली, रोज एक अक्षर, दोन पानं. महिन्याभरात सव्वीस झाली, देखणी झाली. मग मी शब्द सांगितला, कॅट. त्यानं सी काढला, पेन्सिल उचलली. ए काढला, उचलली. टी काढला. मग मागे येऊन तिन्ही अक्षरांच्या मधे बारीक रेघा ओढून ती एकमेकांना बांधली, गणपतीत आपण पताका दोरीला बांधतो तशी, आणि म्हणाला, "जोडलं, आई." त्यात त्याची काहीच चूक नव्हती. मी त्याला सव्वीस चित्रं शिकवली होती आणि त्यानं ती नीट काढली होती. तेव्हापासून मी शिकवण्याचा क्रमच बदलला. तोच इथं सांगते आहे.

हात तयार आहे का

आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटली. बाईंनी फळ्यावर चार लिप्या काढून दिल्या होत्या: पहिली मोठी छापील, दुसरी लहान छापील, तिसरी जोडाची मोठी आणि चौथी जोडाची लहान. दहा वर्षांचा हात होता, थोड्याच दिवसांत चौथी लिपी वळली. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. ते चांगलंच झालं, पण त्याबरोबर चौथी लिपीही खाली सरकत आली आणि काही ठिकाणी तर मोठ्या शिशूपर्यंत पोचली. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेची, मऊ असतात. पुढं एकेक करत घट्ट होतात आणि शेवटच्या हाडाला त्यासाठी नऊ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. पाच वर्षांच्या मुलाचा हात दोन पानं लिहून दुखतो, तेव्हा तो खरंच दुखत असतो.

म्हणून सुरू करण्याआधी चार गोष्टी बघा. लहान छापील अक्षरं कुठूनही विचारली तरी मूल वाचतं का? शर्टाची बटणं स्वतः लावतं का? रेघेवरून कात्री चालवतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शून्य काढताना हात कुठल्या बाजूनं फिरतो? कित्येक मुलं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं शून्य काढतात. कागदावर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. पण जोडाचा ए, डी, जी, ओ ही सगळी अक्षरं उलट बाजूनं फिरतात, आणि शून्य सुलटं फिरवणाऱ्या मुलाला ती जन्मभर अडतात. आधी शून्य सुधारा. त्याला आठवडाभर पुरतो.

माझ्या मते दुसरीचं वर्ष यासाठी चांगलं. शाळेनं आधीच सुरू केलं असेल तर घरी मुलाशी झगडू नका. घरी फक्त ओळख आणि ताटातला रवा, एवढंच करा. वहीतलं लिहिणं शाळेपुरतं राहू दे.

आधी डोळ्यांना ओळख

लिहिण्याआधी किमान दोन आठवडे फक्त वाचायचं. ही पायरी बहुतेक सगळे गाळतात. मुलाला बाराखडी ओळखता येत नसताना आपण त्याला जोडाक्षरं लिहायला बसवत नाही, पण इंग्रजीत नेमकं तेच करतो.

सव्वीसपैकी बरीच लहान अक्षरं छापील रूपासारखीच असतात, फक्त मागं-पुढं एक शेपूट लागलेलं असतं. सी, ओ, आय, टी, यू मुलं लगेच ओळखतात. खरी अनोळखी म्हणजे एस, आर, एफ, झेड, बी आणि के. जोडाचा एस होडीच्या शिडासारखा असतो, आरला छोटा खांदा असतो, झेड खाली तळाशी फास टाकतो. या सहांची ओळख सावकाश करून द्या. बाकीची मुलं स्वतःच शोधून काढतात.

घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच. जाड, एका बाजूनं कोऱ्या. त्या सारख्या मापात कापा. एका पत्त्यावर छापील अक्षर, दुसऱ्यावर तेच जोडाचं. एका वेळी पाच जोड्या, दहा पत्ते, उलटे मांडायचे आणि जोड्या लावायच्या. सारखी दिसणारी अक्षरं एका डावात घेऊ नका. ए-ओ, ई-एल, एन-यू, आर-एस या जोड्या वेगवेगळ्या दिवशी शिकवा. दोन्ही पक्की झाली की मगच समोरासमोर ठेवा, म्हणजे फरक मुलाच्या डोळ्यांनाच दिसतो.

मग बाहेर पडा. चॉकलेटच्या कागदावरचं कॅडबरी हे नाव जोडून लिहिलेलं असतं. ते विल्यम कॅडबरी यांच्या सहीवरून घेतलेलं आहे. कोका-कोलाचं नावही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चालणाऱ्या स्पेन्सरियन वळणाच्या हस्ताक्षरात आहे. मुलांना ही दोन्ही नावं पाठ असतात, ती "वाचतात" ती चित्र म्हणून. कागद हातात देऊन विचारा, यातला डी कुठला? महाद्वार रोडवरून जाताना मी मुलांना दुकानांच्या पाट्यांवर जोडाची अक्षरं शोधायला लावते. साडीच्या, फोटोच्या, केकच्या दुकानांवर ती हमखास सापडतात. वर्गातली एक मुलगी एकदा पूर्ण रस्ताभर फक्त वाय मोजत चालली होती.

दुसऱ्या आठवड्यात त्याचं, आजीचं, बहिणीचं नाव तुम्ही जोडून लिहून फ्रिजवर लावा. रोज एक चिठ्ठी डब्यात टाका, दोन-तीन शब्दांची. ती वाचता आली की डोळ्यांचं काम झालं.

ताटातला रवा

पूर्वी धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवायचे. त्यामागं शहाणपण होतं: बोटाला रेघेचा स्पर्श कळतो आणि पुसायला खोडरबर लागत नाही. मी मोठ्या ताटात दोन वाट्या रवा पसरते. मूल तर्जनी आणि मधलं बोट जोडून त्यात वळणं काढतं. अक्षर इथं अजून आलेलंच नाही, फक्त चार वळणं. त्यांना मी मराठीच नावं दिली आहेत, कारण नाव उच्चारलं की हात हलतो.

पहिलं, झोका. खालून सुरू होऊन वर जाणारं, झोपाळ्याच्या खालच्या फेरीसारखं. दुसरं, 'ट'चं पोट. आपण ट काढतो तेव्हा वरच्या छोट्या दांड्यानंतर डावीकडं वळून खाली जाणारं आणि उजवीकडं उघडं राहणारं जे पोट असतं, ते इंग्रजीतल्या सीचंच वळण आहे. हे मी पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी एक पोरगा ताटावर वाकून रव्यात बोट फिरवत होता. तो थांबला, बोट वर धरून म्हणाला, "बाई, ह्यो तर ट हाय की! दांडा न्हाई एवढंच." त्याला जे दोन वर्षं येत होतं त्यावरच नवं उभं राहिलं होतं. तिसरं, फास. मराठी चार काढताना खाली जो फास पडतो, तोच जी, जे आणि वाय यांच्या तळाला येतो. आणि चार उलटा केला की वर फास असलेला एल तयार होतो. चौथं, कमान. खालून उठून वरून गोल उतरणारी, देवळाच्या दारावरची.

प्रत्येक वळण एका श्वासात पाच-सहा वेळा, न थांबता: झोका-झोका-झोका, कमान-कमान-कमान. रव्यात जमलं की दगडी पाटीवर, मग पाठकोऱ्या कागदावर जाड खडूनं. बाकी हाताला बळ स्वयंपाकघरात मिळतं. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कणकेचे गोळे करणं हे सगळं बोटांचंच काम आहे, आणि मुलांना ते लिहिण्यापेक्षा जास्त आवडतं.

बैठक, वही, पेन्सिल

जमिनीवर मांडी घालून लिहायचं तर समोर चौरंग किंवा बसकं डेस्क हवंच. पोटावर झोपून लिहिलेलं अक्षर सुधारत नाही. खुर्चीवर बसत असेल तर पाय टेकले पाहिजेत, नाहीतर पायांखाली पाट द्या. पेन्सिल टोकापासून साधारण २ सेंमी वर, अंगठा आणि तर्जनीत धरलेली, खाली मधल्या बोटावर टेकलेली. एचबीपेक्षा टूबी चांगली, कमी दाबानं उमटते. तीन कडांची मिळाली तर बोटं आपोआप जागेवर बसतात. दुसऱ्या हातानं वही धरायची, तो हात डोक्याला लावायचा नाही.

वही सरळ ठेवू नका. उजव्या हाताच्या मुलाच्या वहीचा वरचा भाग थोडा डावीकडं झुकलेला असू दे, उजेड डावीकडून यावा. डावखुऱ्या मुलासाठी हे सगळं उलट: वही उजवीकडं झुकलेली, उजेड उजवीकडून, पेन्सिल ३ सेंमी वर धरलेली, म्हणजे स्वतःचं लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा. आणि हात बदलायचा प्रयत्न करू नका. अजूनही काही घरांत तो होतो, आणि अशा मुलांची भीती घालवायला मला वर्ष वर्ष लागलं आहे.

आता चार रेघा. मराठी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. पहिली-दुसरीतलं मूल दिवसभर वरून लटकणारी अक्षरं लिहितं आणि मग इंग्रजीच्या तासाला त्याच सवयीनं वरच्या रेघेला चिकटतं. म्हणून मी चार रेघांमधल्या तीन जागांना वाड्यातली नावं देते. वरची माडी, मधलं माजघर, खालचं तळघर. तिसरी रेघ म्हणजे जमीन. सगळी अक्षरं जमिनीवर उभी राहतात. ए, सी, एन, यू माजघरातच राहतात. एल, एच, के माडीवर चढतात. जी, वाय, पी तळघरात उतरतात. टी जिन्यात अर्ध्यावर थांबतो, असं मी शिकवते. एकटा एफ तिन्ही मजले फिरून येतो. हे एकदा बसलं की "खाली गेलं, वर गेलं, रेघ सोडली" असं ओरडावं लागत नाही. "हा वाय माजघरात का झोपलाय?" एवढं विचारलं की मूल स्वतः दुरुस्त करतं.

चार घराणी

ए ते झेड हा क्रम पाठांतरासाठी ठीक आहे, लिहायला शिकण्यासाठी नाही. ए हे अवघड अक्षर आहे आणि सुरुवात त्यानंच होते. मी अक्षरं वळणांच्या घराण्यांत वाटते.

झोक्याचं घराणं: आय, टी, यू, डब्ल्यू, आणि जरा उशिरा आर, एस, पी, जे. फासाचं: ई, एल, एच, के, बी, एफ. 'ट'च्या पोटाचं: सी, ए, डी, जी, क्यू, ओ. कमानीचं: एन, एम, व्ही, वाय, एक्स, झेड. सव्वीस पूर्ण होतात.

सुरुवात आय, टी, यू, ई आणि एल या पाचांनी. त्याचं कारण शब्द. या पाच अक्षरांत लेट होतं, टाय होतं, टाईल होतं आणि एल-आय-टी-टी-एल-ई असं अख्खं लिटल होतं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मूल सहा अक्षरांचा शब्द पेन्सिल न उचलता लिहितं. माझ्या मुलाचा कॅट ज्या चुकीनं बांधला गेला, ती चूक इथं होतच नाही, कारण जोड पहिल्या दिवसापासून अक्षराचाच भाग असतो. एका अक्षराचा शेवटचा झोका हीच पुढच्याची सुरुवात.

आयचा टिंब आणि टीची आडवी रेघ शब्द पूर्ण झाल्यावर द्यायची. हे मुलांना समजावणं सोपं आहे: मराठीत आपण आधी शब्द लिहितो आणि मग वरची रेघ ओढतो, तसंच.

जोडाच्या लिपीबद्दल आपल्याकडं जुनी ओळख आहे, ती मुलांना जरूर सांगा. बालबोध म्हणजे सुटी, स्पष्ट अक्षरं, आणि मोडी म्हणजे हात न उचलता भरभर लिहायची. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानच्या काळातली मोडी कागदपत्रं आहेत. आमच्या घरीही आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचा एक मोडी कागद होता. मोडीत वरची रेघ आधी पानभर ओढून घेतात आणि तिच्याखाली लिहीत जातात. मुलांना मी तो कागद दाखवते. "आपले पणजोबा कर्सिव्ह लिहायचे" हे ऐकल्यावर ही इंग्रजीची परकी भानगड त्यांना परकी वाटत नाही.

प्रत्येक अक्षरासाठी माझा क्रम ठरलेला आहे. मी फळ्यावर मोठं काढते आणि काढताना तोंडानं चाल बोलते. मुलं हवेत पूर्ण दंडानं काढतात, मग रव्यात, मग पाटीवर, शेवटी वहीत. 'ए'चं उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त तोच बिघडतो. चाल अशी: "वर जा, परत फिर, पोट भर, दार लाव, खाली ये, झोका घे." जमिनीवरून वर चढायचं, जवळजवळ घड्याळातल्या एक वाजण्याच्या जागेपर्यंत. तिथून आल्या वाटेनंच डावीकडं परत फिरायचं, ट-सारखं पोट भरत खाली जायचं आणि पुन्हा एकच्या जागी येऊन दार लावायचं. मग सरळ खाली आणि झोका. दार उघडं राहिलं की ए यूसारखा दिसतो. डीचं दार उघडं राहिलं तर सी आणि एल अशी दोन अक्षरं दिसतात. मुलाला "नीट काढ" म्हणू नका, "दार लावलंस का?" म्हणा.

कमानीच्या घराण्यात एकच गोष्ट सांभाळायची. एनची डोकी गोल आणि खाली टोक, यूची डोकी टोकदार आणि खाली गोल. छापील एमला दोन कमानी असतात, जोडाच्या एमला बहुतेक कित्त्यांत तीन, कारण पहिली कमान आत येण्याची असते. मुलं इथं गोंधळतात, त्यांना मोजून दाखवा. आणि एक विनंती, शाळेचा कित्ता आधी मागून घ्या. बी, एफ, पी, आर, झेड यांची वळणं पुस्तकागणिक बदलतात. घरी एक आणि शाळेत दुसरं असं झालं तर सगळ्यात जास्त हाल मुलाचे होतात. तुम्हाला स्वतःला कुठलंही वळण आवडो, शाळेचंच घ्या.

पुलावरची चार अक्षरं

बहुतेक अक्षरं जमिनीवर संपतात आणि पुढच्याकडं खालून जातात. ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी ही चार मात्र माजघराच्या छताशी, म्हणजे दुसऱ्या रेघेपाशी संपतात. त्यांचा जोड वरूनच जातो. मी याला पूल म्हणते. पंचगंगेचं उदाहरण दिलं की कोल्हापूरच्या पोराला ते लगेच कळतं: घाटावरून जायचं का शिवाजी पुलावरून?

जोडून लिहिणारी मोठी माणसंसुद्धा इथंच चुकतात, म्हणून इथं वेळ द्या, घाई करू नका. मूल ओ काढतं आणि सवयीनं खाली उतरून झोका घेतं. मग तो ओ एसारखा दिसायला लागतो. किंवा डब्ल्यू आणि ई जोडताना पुलावरून आलेला हात पुन्हा जमिनीवर जातो आणि ईचा फास सुरू करतो, त्यामुळं मधे एक फुकटचा आय उगवतो. खरं तर पुलावरून आल्यावर ईला खाली जायची गरजच नसते. पुलावरूनच वर उचलून छोटा फास घ्यायचा आणि मग खाली उतरायचं. आर आणि एस यांचंही तसंच. पुलावरून आलेल्या आरचा खांदा लगेच येतो, खालचा चढ गळून जातो. मुलांना वाटतं हे वेगळंच अक्षर आहे, म्हणून ओ-आर, ओ-एस, डब्ल्यू-ई, व्ही-ई, बी-ई या जोड्या एकेका अक्षरासारख्या शिकवा. पत्त्यांत त्यांचेही पत्ते करा. शब्द द्यायचे ते पूल असलेले: बोट, रोझ, वेट, ओव्हर. ओव्हरमध्ये ओ-व्ही आणि व्ही-ई असे दोन पूल पाठोपाठ येतात. तो जमला की मी मुलाला फळ्यावर लिहायला देते.

अंतर आणि तिरकेपणा यावर फार बोलू नका. दोन शब्दांमधे एक लहान ए बसेल एवढी जागा. अक्षरं उजवीकडं किंचित झुकली तरी चालेल, सरळ उभी राहिली तरी चालेल, पण सगळी एकाच बाजूला. वही झुकवून ठेवली असेल तर हे आपोआप होतं.

मोठी अक्षरं

सगळ्यात शेवटी. आधी फक्त मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर, मग घरच्यांची. मोठी अक्षरं वाक्यात एखाद्-दुसरीच लागतात. ओ, पी, टी, व्ही, डब्ल्यू यांसारखी काही तर पुढच्याला जोडतही नाहीत. लहान लिपी बसलेली नसताना तिसऱ्या लिपीची नक्षी गिरवून घेणं म्हणजे मुलाचा वेळ घालवणं.

रोज किती

दहा ते पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. आठवड्याला दोन अक्षरं धरली तर सव्वीसांना तेरा आठवडे लागतात. जूनच्या शेवटी सुरू केलं तर सप्टेंबर संपतो. दिवाळीपर्यंत पूल, दिवाळीनंतर मोठी अक्षरं. एका अक्षराच्या तीनच ओळी, आणि लगेच त्याचा शब्द. प्रत्येक ओळीनंतर मुलाला स्वतःच्या सगळ्यात चांगल्या अक्षराभोवती गोल करायला सांगा. तुम्ही नका करू. त्याला का आवडलं ते विचारा. "दार लागलंय म्हणून" असं उत्तर आलं की समजा त्याला स्वतःची चूक स्वतः दिसायला लागली आहे. पानभर तेच अक्षर कधीच देऊ नका. दमलेल्या हातानं लिहिलेल्या शेवटच्या ओळी चुकीच्या चालीचाच सराव करतात.

खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. चुकलं तर पुढं नव्यानं लिहायचं.

अडलं तर

पानाच्या मागच्या बाजूला अक्षरं उठून आलेली बोटाला लागत असतील तर दाब जास्त आहे. काही दिवस वहीखाली घडी केलेला पंचा घाला. जोर दिला की कागद फाटतो आणि हात हलका होतो. अक्षर थरथरत असेल तर वेग फार कमी आहे. चाल तोंडानं म्हणायला लावा आणि त्या लयीत लिहू द्या. फळ्यावरचं वहीत उतरवताना चुकत असेल पण रव्यात चुकत नसेल, तर आधी डोळे तपासून घ्या. माझ्या वर्गातल्या एका मुलाला फक्त चष्मा हवा होता.

आणि आठ वर्षं पूर्ण झाल्यावरही, शांतपणे सहा-आठ महिने शिकवूनही, हात दुखतो, अक्षरं उलटी होतात, एक ओळ लिहायला फार वेळ लागतो असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पुढं योग्य माणसाकडं पाठवतील. लिहिण्याची अडचण आणि बुद्धी यांचा संबंध नसतो. अशा मुलाला छापील अक्षरात लिहू द्यायला शाळेला सांगा. सुटं, स्वच्छ, वाचता येणारं अक्षर हेही चांगलंच अक्षर आहे.

शेवटचा शब्द

सगळी घराणी आणि पूल झाले की मी प्रत्येक मुलाला एकच शब्द देते: कोल्हापूर. केनंतर ओ-एल-एच-ए-पी-यू-आर. सात अक्षरं, एकही टिंब नाही, एकही आडवी रेघ नाही, म्हणजे ती एका दमात झाली पाहिजेत. ओ आणि एलच्या मधे पूल आहे. एल आणि एच माडीवर जातात, पी तळघरात. 'ए'चं दार लावावं लागतं. शेवटी आरचा खांदा.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी हा शब्द लिहीत होती. जूनमध्ये तिची पेन्सिल नावातल्या प्रत्येक अक्षरानंतर उचलली जायची. जीभ दातांत धरून ती ओपाशी आली, क्षणभर थांबली, टोक मात्र कागदावरच होतं. मग पूल घेतला, एलचा फास वर गेला, एच, ए, पी, यू, आणि आरच्या झोक्यापर्यंत टोक कागदावरून सुटलं नाही. तिनं वही माझ्याकडं वळवली, 'ए'चं दार बोटानं तपासलं आणि विचारलं, "बाई, आता रंकाळा लिहू?"